मिल्टन ऑलिव्ह : सोबत्यांनी जपलेले स्मरण

२२ ऑक्टोबर १९६५ रोजी दक्षिण व्हिएतनाममधील फू कुआँग गावाजवळच्या जंगलात अमेरिकी सैन्याच्या १७३ व्या एअरबोर्न ब्रिगेडची एक तुकडी शत्रूचा माग काढीत चालली होती. पाच सैनिक एकमेकांच्या अगदी जवळ असताना त्यांच्यामध्ये एक हातबॉम्ब येऊन पडला. अठरा वर्षांच्या मिल्टन ली ऑलिव्हने तो झडप घालून उचलला, पोटाशी धरला आणि त्यावर अंग टाकले. मिल्टन गेला; उरलेले चौघे वाचले. त्याच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला तेव्हा सोळा दिवस उरले होते.

२१ एप्रिल १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्याच्या वडिलांच्या व सावत्र आईच्या हाती ‘मेडल ऑफ ऑनर’ हे सर्वोच्च सैनिकी पदक दिले. व्हिएतनाम युद्धात हा सन्मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय सैनिक. त्या समारंभाला वाचलेल्या चौघांपैकी दोघे उपस्थित होते. वडिलांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेल्या पत्रातील काही भाग जॉन्सन यांनी वाचून दाखविला. पोटचा मुलगा गमावलेल्या त्या पित्याने पत्रात सूडाचा शब्दही लिहिला नव्हता. आशिया, युरोप, आफ्रिका, अमेरिका येथील सर्व माणसांनी एकाच जगात एकत्र नांदावे, अशी प्रार्थना केली होती.

या प्रसंगाचा अर्थ समजण्यासाठी मिल्टनच्या आयुष्याकडे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. तो शिकागोचा. जन्मानंतर काही तासांतच त्याची आई वारली. कृष्णवर्णीयांच्या मोठ्या स्थलांतरात दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या असंख्य कुटुंबांप्रमाणे त्याच्याही घराची मुळे मिसिसिपी राज्यात, लेक्सिंग्टन गावी होती. १९६४ च्या उन्हाळ्यात तेथे कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करण्याची चळवळ जोरात होती, आणि तिला विरोधही तितकाच हिंस्र होता. आजीआजोबांकडे राहत असलेला हा मुलगा त्या कामात उतरला. घरच्यांना त्याच्या जिवाची धास्ती वाटली. वडिलांनी त्याला स्पष्ट सांगितले की शाळेत परत जा, नोकरी धर किंवा सैन्यात जा. त्याने सैन्य निवडले. मिसिसिपीपेक्षा सैन्य सुरक्षित वाटावे, यातच त्या काळाची सारी भीषणता आहे.

६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान हक्क कायदा झाला. त्यानंतर बरोबर अकरा आठवड्यांनी मिल्टन मरण पावला. मतदानाचे वय तेव्हा बहुतेक राज्यांत एकवीस होते. ज्या हक्कासाठी तो इतरांची नावे नोंदवीत फिरला, तो हक्क स्वतः बजावण्याइतके आयुष्य त्याला मिळाले नाही. त्याचे दफन लेक्सिंग्टनलाच झाले.

पदकासोबतच्या मानपत्रात कृती नोंदविलेली असते. माणूस मात्र सोबत्यांच्या आठवणीत राहतो. घरचे मिल्टनला ‘स्किपर’ म्हणत. तुकडीतील मित्रांनी त्याचे नाव ‘प्रीचर’, म्हणजे धर्मोपदेशक, असे ठेवले होते. कारण हा शांत मुलगा बोलता बोलता बायबलमधील वचने म्हणत असे. वाचलेल्या चौघांत गोरेही होते आणि काळेही. त्यांचा प्लाटूनप्रमुख टेक्सासचा गोरा अधिकारी होता. शाळा, बस, उपाहारगृह सारे वर्णानुसार विभागलेले असलेल्या दक्षिणेत वाढलेल्या या माणसाने, इतके निःस्वार्थ धैर्य आपण आयुष्यात दुसरे पाहिले नाही, असे अनेक दशकांनंतर सांगितले. हातबॉम्ब पोटाशी घेताना मिल्टनने शेजारच्याचा वर्ण पाहिला नव्हता, आणि याचे साक्षीदार जिवंत राहिले. त्यांनी ते सांगितले म्हणून ते आपणांस ठाऊक आहे. आज शिकागोत मिशिगन सरोवराकाठी त्याच्या नावाचे उद्यान आहे, ‘ऑलिव्ह-हार्वी’ महाविद्यालय आहे. २०२० च्या स्पाइक ली यांच्या ‘दा फाइव्ह ब्लड्स’ या चित्रपटातही त्याचा उल्लेख येतो.

आंबेडकरी वाचकाच्या मनात येथे भीमा कोरेगाव आल्याशिवाय राहणार नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांतील ‘नाक’ प्रत्यय असलेली २२ नावे महार सैनिकांची म्हणून ओळखली जातात. परंतु त्यांच्या शेजारी उभे राहून लढलेल्यांच्या तोंडच्या आठवणी कोणी टिपून घेतल्या नाहीत. त्यामुळे दगडावर नावे उरली आणि माणसे निसटली.

तरीही तो स्तंभ मुका राहिला नाही. १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांताचा आधार घेऊन महारांची भरती थांबविली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्या निवृत्त सैनिकांनी पूर्वजांच्या सेवेची आठवण देत अर्ज लिहिले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी तोच मुद्दा थेट भारतमंत्र्यांपुढे मांडला. सुभेदार रामजी सकपाळ यांचे पुत्र बाबासाहेब स्वतः महूच्या लष्करी छावणीत जन्मले होते. १ जानेवारी १९२७ रोजी त्यांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. मृत सैनिकाचे स्मरण येथे नागरिकत्वाच्या मागणीचा पुरावा झाले होते.

या पुराव्याची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. देशासाठी मरण पत्करले की देश समतेने वागवील, असा इतिहासाचा अनुभव नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ च्या न्यूयॉर्कमधील भाषणात हेच विचारले होते की, ज्या कृष्णवर्णीय तरुणांना जॉर्जियात आणि हार्लेममध्ये स्वातंत्र्य मिळालेले नाही, त्यांना आठ हजार मैलांवर इतरांच्या स्वातंत्र्याची हमी देण्यासाठी का पाठविले जाते? समतेचा हक्क माणूस म्हणून जन्मतःच असतो. तो रक्ताचे मोल देऊन विकत घ्यावा लागू नये. मिल्टनचे धैर्य मोठे आहे, आणि त्याच्यापुढे उभा राहिलेला पर्याय अन्याय्य आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. त्याच्या शौर्याचा गौरव करताना लेक्सिंग्टनमधील मतदार नोंदणी वगळली, तर ते स्मरण अपुरे राहील.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले आजोबा, चुलते, मामा आहेत. मुले सुट्टीत गावी जातात तेव्हा भिंतीवरची पदके पाहतात, पण त्या पदकांमागचे सोबती कोण होते, कोण परत आला नाही, हे विचारायला भाषा अपुरी पडते आणि वेळही. हे काम आपल्या पिढीचे आहे, कारण आपल्याला दोन्ही भाषा येतात. आठवड्याच्या फोनवर तब्येत आणि हवामान विचारून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे : तुमच्या तुकडीतला जो परत आला नाही, त्याला तुम्ही कोणत्या नावाने हाक मारीत होता? जे उत्तर येईल ते तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

जय भीम.