दुसऱ्याच्या उंबऱ्याकडून आपल्या घराकडे

दया पवारांचे 'बलुतं' 1978 साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' 1987 साली. या आत्मकथनांनी आपल्या घराचे दार मराठी वाचकासमोर उघडले. कॅमेऱ्याला मात्र त्या घरात शिरायला आणखी दोन-तीन दशके लागली. हा विलंब का झाला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर कलावंताच्या प्रतिभेत शोधून सापडणार नाही. ते साधनांच्या मालकीत आहे.

पडद्यावर दलित माणूस नव्हताच असे नाही. 1936 च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य मुलगी आहे. तिच्या वाट्याला शेवटी बलिदान येते. 1959 च्या 'सुजाता'त अस्पृश्य मुलगी उच्चवर्णीय घरात वाढते आणि त्या घराचे मन पालटते की नाही, यावरच सारी कथा झुलते. प्रेमचंदांच्या कथेवरून सत्यजित राय यांनी 1981 साली दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला. मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त विचारायला गेलेला दुखी ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मरतो. व्यवस्थेवर इतका थेट घाव घालणारी कृती विरळाच, हे मी मानतो. तरीही या तिन्ही ठिकाणी कथेचा निर्णय लागतो तो दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. आपल्या घरात नवरा-बायको कशावरून भांडतात, पोर रात्री कशासाठी जागे राहते, हे त्या कॅमेऱ्याला फारसे विचारावेसे वाटले नाही.

आणि आपण तरी ते कसे दाखवणार होतो? लेखकाला पाठकोरा कागद पुरतो. चित्रपटाला कच्ची फिल्म हवी, कॅमेरा हवा, प्रयोगशाळा हवी, वितरक हवा. यांपैकी काय आपल्या वस्तीत होते? लघुपट तर बहुतांशी सरकारच्याच हातात. 1948 साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि मुख्य चित्रपटाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवणे थिएटरमालकांना बंधनकारक होते. त्यांत धरणे होती, लसीकरण होते. कुटुंबही होते, पण पुष्कळदा ते कुटुंबनियोजनाच्या प्रचारातले हसरे कुटुंब!

डिजिटल कॅमेरा आला आणि ही मक्तेदारी सैल झाली. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या वडार कुटुंबात जन्मलेल्या, आधी कविता लिहिणाऱ्या नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा सुमारे पंधरा मिनिटांचा लघुपट केला. 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथाबाह्य विभागात पदार्पणाचा पुरस्कार त्याला मिळाला. पारधी मुलाची शाळेची ओढ आणि घरची भूक यांचा हा झगडा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. 1952 साली तो कायदा गेला, पण पोलिसाच्या आणि गावाच्या डोक्यातून गेला नाही. ज्या पोराला गाव आधीच चोर ठरवून बसले आहे, त्याने शाळेत जायचे तरी कोणत्या तोंडाने? कायद्याचा हा सारा इतिहास येथे एका झोपडीतल्या ओढाताणीत उतरतो. माझ्या मते लघुपटाचे सामर्थ्य नेमके येथे आहे. त्याला नायक-नायिकेची गाणी नकोत, तिकीटबारीचा धाक नको. एक घर आणि एक पेच त्याला पुरतो.

मंजुळे यांचाच 'पावसाचा निबंध' (2017) त्यापुढचे पाऊल टाकतो. गुरुजी पावसावर निबंध लिहायला सांगतात. पाठ्यपुस्तकातला पाऊस हिरवागार असतो. या पोराच्या घरी तो छपरातून गळतो आणि बाप दारू पिऊन पडलेला असतो. आई, बहीण आणि तो पोरगा मिळून जे घर सावरतात, त्या घरात वही कोरडी ठेवणे हेच एक काम होऊन बसते. निसर्गवर्णन नावाच्या मराठी शालेय परंपरेचा याहून नेमका समाचार मी पाहिलेला नाही. याच चित्रपटासाठी त्यांना कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

यावर आपल्यातलेच काही सुशिक्षित विचारतात: दारुडा बाप, चोरीकडे ढकलले जाणारे पोर, हे जगाला कशाला दाखवायचे? समाजाची बदनामी होत नाही का? 'बलुतं' आले तेव्हाही ही कुरबुर झालीच होती. मला ती मान्य नाही. जखम झाकून ठेवण्याने अब्रू वाचत नाही; ती फक्त आत चिघळते. मात्र एक कसोटी लावलीच पाहिजे. बापाची दारू दाखवताना त्या बापाला माणूस म्हणून पाहिले आहे काय, आणि घर गळण्याचे कारण केवळ त्याच्या बाटलीत शोधले आहे की समाजरचनेतही? जो लघुपट पहिल्यावरच थांबतो तो आपल्या घराचा तमाशा करतो. जो दोन्ही पाहतो तो आपला इतिहास लिहितो.

आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून आत्मकथनांनी घेतलेली जबाबदारी आता पुढच्या पिढीच्या हातात आली आहे. आपल्या घरातील बाईच्या बाजूने कॅमेरा लावण्याचे काम तर अजून पुष्कळ शिल्लक आहे. दुखीचा मृत्यू आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. त्याच्या बायकोचे पुढे काय झाले, तिने ती रात्र कशी काढली आणि मुलीला काय सांगितले, हे आता तिच्या लेकींनीच दाखवावे.