रखमाबाई खटला

(दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई, १८८४–८८). पत्नीने आपल्या घरी नांदायला यावे, यासाठी पतीने मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा. अजाण वयात लावून दिलेले लग्न मोठेपणी नाकारता येते का, हा प्रश्न त्याने ऐरणीवर आणला.

रखमाबाई (१८६४–१९५५) मुंबईच्या सुतार समाजातल्या. या समाजात विधवेला पुनर्विवाहाची मुभा असल्याने आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले, पण त्या सासरी गेल्याच नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून शिकल्या. पुढे दादाजींनी नांदायला बोलावले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. १८८५ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने बालविवाहावर आलेले जळजळीत पत्र त्यांचेच होते.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. जो संसार सुरूच झाला नाही तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम देता येत नाही, आणि अशा दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधारही नाही, असे त्यांचे म्हणणे. धर्म बुडाल्याची ओरड झाली. टिळकांच्या ‘मराठा’ने निकालावर कडक टीका केली. गंमत अशी, की ज्या उपायासाठी धर्माभिमानी भांडत होते, तो आला होता इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून. आणि असा हुकूम मोडणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद खुद्द इंग्लंडने १८८४ मध्ये रद्द केली होती. हिंदुस्थानात ती कायम राहिली.

अपिलात निकाल फिरला. फेरसुनावणीनंतर ४ मार्च १८८७ रोजी न्या. फॅरन यांनी महिन्याभरात पतीकडे जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. ती भोगण्याची वेळ आली नाही. जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत त्यांनी दीर्घकाळ काम केले.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचे श्रेय काहीजण या खटल्याला देतात. वातावरण त्याने तापवले हे खरे. मात्र तातडीचे कारण ठरला तो बंगालमधील फुलमणी या बालिकेचा पतीच्या बळजोरीने झालेला मृत्यू. शिवाय मुलीचे संमतिवय दहावरून बारावर नेणाऱ्या त्या कायद्याचा रखमाबाईंना काडीचाही उपयोग झाला नसता. दावा लागला तेव्हा त्या सज्ञान होत्या. त्यांचा आक्षेप विवाहाच्या बंधनालाच होता, आणि त्याला या कायद्याने हात लावला नाही.

नांदायला न येणाऱ्या पत्नीस तुरुंगात धाडण्याची तरतूद पुढे गेली. मूळ दावा मात्र हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ९ मध्ये पती व पत्नी दोघांसाठी टिकून राहिला. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले.