माणसाआधी यंत्र : धुराड्यातील मुलापासून ड्रोनपर्यंत

#इतिहास #धागा

१/
फेब्रुवारी १८७५. इंग्लंडमधील केंब्रिजजवळच्या फुलबोर्न येथील रुग्णालयाचे धुराडे साफ करण्यासाठी जॉर्ज ब्रूस्टर नावाच्या ११-१२ वर्षांच्या मुलाला आत चढवण्यात आले. तो आतच अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढले, पण तो वाचला नाही.

२/
माणूस आत न पाठवता धुराडे साफ करणारे यंत्र तेव्हा सुमारे ७० वर्षांचे जुने झाले होते. आजचा धागा कारखान्यांतील बंदिस्त जागांची तपासणी करणाऱ्या ड्रोनविषयी आहे. परंतु ब्रूस्टरला वगळून त्या ड्रोनचे मोल आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी नीट उमगत नाहीत.

३/
बंदिस्त जागा म्हणजे काय? बॉयलर, धुराडे, रसायनांची टाकी, धान्याचे सायलो, जहाजाच्या पोटातील टाक्या, भुयारी गटार. या जागा माणसाच्या वावरासाठी बांधलेल्याच नसतात. मात्र तडा, गंज किंवा गळती शोधण्यासाठी कोणाला तरी ठरावीक काळाने आत उतरावे लागते.

४/
तेथील मृत्यू बहुधा निःशब्द असतो. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो. बंद पोलादी टाकीत नुसता गंज चढत राहिला तरी तो प्राणवायू खर्च होतो. हायड्रोजन सल्फाइड हा वायू तर वाढत्या प्रमाणात घ्राणेंद्रियच बधिर करतो. वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते, आणि माणूस कोसळतो.

५/
मग त्याला वाचवायला दुसरा उतरतो. अमेरिकेतील 'नायोश' या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९८६ साली नोंदवले, की बंदिस्त जागांत दगावलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला गेलेले होते. माणसाला मुळात आत पाठवूच नये, हा विचार किती मोलाचा आहे ते या एका आकड्यातून कळते.

६/
आता पुन्हा लंडनकडे वळू. १६६६ च्या भीषण आगीनंतर शहर नव्याने उभे राहिले, कोळशाचा वापर वाढला आणि धुराडी अरुंद, वाकडीतिकडी झाली. त्यांत प्रौढ माणूस मावेना. म्हणून अनाथ आणि दरिद्री घरांतील मुले या कामाला जुंपली गेली. कोपर आणि गुडघे भिंतीला रेटत ती वर सरकत.

७/
पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ साली धुराडे साफ करणाऱ्यांना होणाऱ्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. व्यवसायातून कर्करोग होतो, हे दाखवणाऱ्या आरंभीच्या निरीक्षणांपैकी हे एक. १७८८ च्या कायद्याने शिकाऊ मुलाचे किमान वय ८ वर्षे ठरवले. अंमलबजावणी मात्र जवळजवळ नव्हतीच.

८/
१८०३ साली लंडनमध्ये या मुलांच्या जागी यंत्र आणण्यासाठी एक संस्था स्थापन झाली. त्याच सुमारास जॉर्ज स्मार्ट यांनी एकात एक जोडायच्या पोकळ कांड्या, त्यांतून ओवलेली दोरी आणि टोकाला ब्रश असे यंत्र सिद्ध केले. जोसेफ ग्लास यांनी १८२८ च्या सुमारास त्यात सुधारणा केली. उपाय हाताशी होता. मग अडले कुठे?

९/
यंत्राने गालिच्यावर काजळी सांडेल, वाकड्या धुराड्यात ते चालणार नाही, मुलगा अधिक चांगले काम करतो, अशा सबबी पुढे आल्या. १८१९ मध्ये सुधारणेचे विधेयक उमरावांच्या सभागृहाने फेटाळले. धुराडे सरळ करून घ्यायला पैसे लागत. मुलगा स्वस्त होता. सारा हिशेब इतकाच होता.

१०/
१८३४ आणि १८४० मध्ये कायदे झाले. दुसऱ्या कायद्याने तर २१ वर्षांखालील कोणालाही धुराड्यात चढवण्यास मनाई केली. १८६४ मध्ये शिक्षा कडक केली. तरीही मुले चढतच राहिली, कारण तपासणार कोण हा प्रश्न सुटला नव्हता. ब्रूस्टरच्या मृत्यूनंतर त्याच्या मालकाला ६ महिने सक्तमजुरी झाली.

११/
त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या प्रयत्नांतून नवा कायदा आला. आता या धंद्याला पोलिसांचा परवाना अनिवार्य झाला आणि कायदा राबवण्याची जबाबदारी एका निश्चित यंत्रणेवर आली. मुले धुराड्याबाहेर आली ती तेव्हा. यंत्र ते कायदा हे अंतर सुमारे ७२ वर्षांचे!

१२/
दुसरी कथा कोळशाच्या खाणीची. १८१२ मध्ये फेलिंग येथील स्फोटात ९२ जण मेले आणि १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही यांचा सुरक्षादीप आला. जाळीतील ज्योत बाहेरचा वायू पेटवत नसे. मात्र या दिव्याच्या भरवशावर पूर्वी धोकादायक म्हणून सोडलेले खाणीचे भाग पुन्हा खणले जाऊ लागले. सुरक्षेचे साधन नव्या जोखमीचा परवाना बनले.

१३/
या दोन कथा मनात ठेवून ड्रोनकडे येऊ. साधा ड्रोन टाकीत निरुपयोगी ठरतो. आत जीपीएस पोहोचत नाही, पोलादामुळे होकायंत्र भरकटते, अंधार आणि धूळ असते, आणि भिंतीला पाते लागले की ड्रोन खाली. अभियंते अनेक वर्षे एकाच प्रश्नावर काम करत होते : धडक कशी टाळावी?

१४/
स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी प्रश्नच बदलला. कीटक उडताना धडकतात आणि तरीही उडत राहतात. मग धडक सोसणारा ड्रोन का नको? २०१३ मधील त्यांच्या 'गिमबॉल'भोवती स्वतंत्रपणे फिरणारा गोल पिंजरा होता. भिंतीला आपटल्यावर पिंजरा गरकन फिरे आणि आतला ड्रोन स्थिर राही.

१५/
या संशोधनातून २०१४ साली 'फ्लायॅबिलिटी' ही कंपनी निघाली. दुबईच्या स्पर्धेत २०१५ मध्ये तिला १० लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले, तेही आपत्तीत अडकलेल्यांचा शोध घेण्याच्या कल्पनेसाठी. पुढच्या वर्षी आलेला 'एलिओस' मात्र प्रामुख्याने बॉयलर, टाक्या आणि धुराड्यांत रमला.

१६/
लाभ स्पष्ट आहे. उंच बॉयलरच्या भिंती जवळून पाहायच्या तर आत परांची बांधावी लागते. त्यात दिवस जातात आणि माणसे उंचीवर लटकतात. ड्रोन मॅनहोलमधून आत जातो, स्वतःच्या दिव्यात चित्रण करतो आणि निरीक्षक बाहेर बसून तडे न्याहाळतो.

१७/
फुकुशिमाचे उदाहरण याहून बोलके आहे. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर पहिल्या क्रमांकाच्या अणुभट्टीच्या अंतर्भागात माणूस जाणेच शक्य नव्हते. २०२४ च्या आरंभी छोटे ड्रोन तिथे शिरले आणि वितळलेल्या गाभ्याच्या परिसराची छायाचित्रे घेऊन आले.

१८/
मर्यादाही तितक्याच खऱ्या. बॅटरी काही मिनिटांतच संपते. ज्वलनशील वायू असेल तिथे सामान्य ड्रोनची ठिणगी घातक ठरू शकते. शिवाय ड्रोन पाहतो, दुरुस्त करत नाही. तडा सापडला की बहुधा माणसालाच उतरावे लागते. फक्त कमी वेळा, कमी वेळ आणि आत काय आहे ते जाणून.

१९/
भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याचे ३६ वे कलम धोकादायक वायू असलेल्या बंदिस्त जागांतील प्रवेशावर बंधने घालत असे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ चे कायदे आहेत. गटारात मृत्यू आल्यास भरपाई किती, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये असे ठरवले.

२०/
यंत्रेही आहेत. केरळमधील तरुण अभियंत्यांचा 'बँडिकूट' हा गटार साफ करणारा यंत्रमानव २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला कामाला लागला. त्याच राज्यात २०१५ साली कोझिकोडला मॅनहोलमध्ये दोन कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेला रिक्षाचालक असे तिघे गेले होते. देशभर असे मृत्यू अजूनही होतात, आणि मरणारे बहुतांशी विशिष्ट जातींतलेच असतात.

२१/
आता दोन चित्रे शेजारी ठेवा. फुकुशिमात कोणालाच पाठवता येत नव्हते, म्हणून यंत्रावर बुद्धी आणि पैसा ओतला गेला. लंडनच्या धुराड्यात गरिबाचा मुलगा पाठवता येत होता, म्हणून तयार यंत्र ७० वर्षे कोपऱ्यात पडून राहिले. आपली गटारे यांपैकी कोणत्या चित्राच्या जवळ आहेत, हे सांगायला नको.

२२/
म्हणून तंत्रज्ञानाचा इतिहास वाचताना शोधाच्या सनावळीपाशी थांबू नका. आणखी एक सन शोधा : माणसाला आत पाठवणे कायद्याने, खर्चाने आणि लोकलज्जेने अशक्य झाले तो. धुराड्यांच्या बाबतीत तो १८७५ होता. आपल्या गटारांच्या बाबतीत तो अजून उगवायचा आहे.

(समाप्त) यंत्र असूनही माणूसच पाठवला गेल्याची अशी उदाहरणे आपल्या वाचनात आली असतील, तर खाली अवश्य लिहा.