आइस हॉकी : पाच विरुद्ध तीन

व्यावसायिक आइस हॉकीत गोलरक्षकाखेरीज प्रत्येक संघाचे पाच खेळाडू बर्फावर उतरतात. किरकोळ नियमभंगासाठी खेळाडूला दोन मिनिटे बाहेर बसावे लागते. एकाच संघाच्या दोघांना शिक्षा झाल्यास उरलेल्या तिघांना पाच जणांना रोखणे अवघड जाते; कोणीतरी आक्रमक मोकळा राहतोच.

५ नोव्हेंबर १९५५ रोजी माँट्रियल कॅनेडियन्सच्या जाँ बेलिवो यांनी बोस्टन ब्रुइन्सविरुद्ध अशाच स्थितीत अवघ्या ४४ सेकंदांत तीन गोल नोंदविले. त्या काळी गोल झाल्यानंतरही शिक्षेची दोन मिनिटे पूर्ण भोगावी लागत. १९५६ मध्ये नॅशनल हॉकी लीगने हा नियम बदलला. तेव्हापासून गोल होताच शिक्षा झालेला एक खेळाडू मैदानात परततो आणि सामना पाच विरुद्ध चार असा पुढे सुरू राहतो.