माळ्यावरच्या लाह्या

अमेरिकेत जुनं घर घेतलंत आणि थंडीतलं हीटिंगचं बिल बघून डोळे पांढरे झाले, की पहिला सल्ला मिळतो: माळ्यावरचं इन्सुलेशन वाढवा. सल्ला बरोबर आहे. पण मंडळी, वर चढून उकराउकर करायच्या आधी तिथे काय पसरलंय ते बघा. करडे-सोनेरी, चकचकीत, पापुद्र्यापापुद्र्यांचे खडे असतील तर ते बहुधा व्हर्मिक्युलाइट.

अभ्रकासारखं हे खनिज तापवलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन लाहीसारखं फुगतं. पापुद्र्यांत हवा अडकते, उष्णता अडते. एकदम हुशार मटेरियल! पोती आणा, तुळयांच्या मधे ओता, झालं काम.

घोळ खाणीत होता. १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल माँटानातल्या लिबी गावचा, आणि तिथल्या खडकात अ‍ॅस्बेस्टॉस. 'झोनोलाइट' या नावाने तो घरोघरी गेला. १९६३ मध्ये डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनीने खाण घेतली, १९९० मध्ये ती बंद झाली. कामगार आजारी पडलेच, शिवाय त्यांच्या कपड्यांवरच्या धुळीने घरचेही. देशभर बोभाटा झाला तो १९९९ मध्ये. मे २००९ मध्ये कंपनी फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटली, आणि पुढच्याच महिन्यात सरकारने लिबीत आरोग्य आणीबाणी जाहीर केली! (याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.)

असो. असे खडे दिसले तर हात लावू नका. काढायचे तर प्रशिक्षित लोकांकडूनच. रिकामी खोकी माळ्यावर टाकायची आपल्याला सवय असते, तीही इथे नको.