आभार कोणीं मानावयाचे?

मोबदला घेऊन नेमलेलें काम करणाऱ्या माणसाचे आभार मानावे कीं मानूं नयेत, हा प्रश्न वरवर पाहतां शिष्टाचाराचा दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं समाजरचनेचा इतिहास आहे. पत्र हातीं दिल्याबद्दल टपालवाल्यास 'थँक्यू' म्हणण्याची चाल इंग्रजांच्या सहवासानें आली, त्यापूर्वीं मराठी माणसाला कृतज्ञता ठाऊकच नव्हती, असा एक समज शहरी सुशिक्षितांत रूढ आहे. तो खरा नाहीं. मात्र जुना गांव कृतज्ञतेनें ओथंबलेला होता, असें मानणेंहि भाबडेपणाचेंच होईल.

प्रथम भाषेचीच साक्ष घ्यावी. 'आभार' या शब्दाच्या पोटांत भार आहे. उपकार फेडावयाचे असतात, ऋणांतून मुक्त व्हावयाचें असतें, आईबापांचे पांग फेडावयाचे असतात, आणि अडल्या वेळीं ज्यानें हात दिला त्याला उतराई व्हावयाचें असतें. हे सारे शब्द सावकाराच्या वहींतले वाटावे असे आहेत. देणें शिल्लक असेल तरच ते लागू पडतात. काम झालें, दाम चुकते झाले, कीं भार उरत नाहीं. आणि भार नाहीं तेथें आभार कसले? 'धन्यवादा'चा मूळ अर्थ तर स्तुतीचा, एखाद्यास धन्य म्हणण्याचा. पाण्याचा तांब्या आणून दिल्याबद्दल कोणीं कोणास धन्य म्हणावें, हें जुन्या कानांना थट्टेसारखेंच वाटलें असतें.

मग सुताराच्या, लोहाराच्या, कुंभाराच्या कामाची जाणीव गांव कशी ठेवीत असे? ती धान्यानें ठेवीत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालच्या 'गांव-गाडा' या ग्रंथांत ही व्यवस्था बारकाईनें आणि निर्भीडपणें वर्णिली आहे. नांगर दुरुस्त केला म्हणून सुताराला त्या दिवशीं पैसा मिळत नसे. वर्षभर काम करावयाचें आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपला वांटा घ्यावयाचा. बलुतेदारांच्या थोरली, मधली, धाकटी अशा ओळी असत आणि त्यांप्रमाणें वांट्याचें माप ठरे. मानपान वेगळा. संक्रांतीचीं सुगडें कुंभाराकडून यावयाचीं, पोळ्याचे दोर व कासरे मांगानें वळावयाचे, लग्नांत न्हाव्याचा व परटाचा मान ठरलेला. तो चुकला तर भर मांडवांत रुसवेफुगवे होत. तोंडानें कोणी 'आभारी आहें' म्हणत नसे, पण नारळ आधीं कोणाच्या हातीं पडावा यावरून भांडणें पेटत. या भांडणांचें आज हंसूं येतें. तथापि जेथें कामाची कदर शब्दांनीं होत नाहीं, तेथें नारळाच्या क्रमालाच शब्दाचें मोल येतें, हें हंसणारानें ध्यानांत घ्यावें.

तोंडच्या शब्दाची दिशा मात्र ठरलेली होती. तो खालून वर जाई. वासुदेव पहांटे दारीं येऊन दान घेई आणि देवादिकांच्या नांवानें तें पावल्याची ग्वाही देई. जेवण झाल्यावर 'अन्नदाता सुखी भव' म्हणत, तें यजमानाला उद्देशून. चुलीपुढें धुरांत बसलेल्या बाईला नव्हे. खंडेनवमीस कारागीर आपल्या हत्यारांची पूजा करी. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहण्याची चाल तर आजहि अनेक घरीं आहे. केरसुणी लक्ष्मी ठरली. ती हातीं धरून गांव झाडणाराला मात्र ओसरीवर पाऊल ठेवतां येत नव्हतें.

महाराच्या बाबतींत हा विरोध सर्वांत भेसूर होता. गांवची राखण करणें, सरकारी निरोप पोंचविणें, साऱ्यासाठीं रयतेला चावडीवर बोलावणें, मेलेलीं गुरें ओढणें, मर्तिकाचा सांगावा परगांवीं नेणें, इतकीं कामें करून त्यानेंच दारोदार 'जोहार' घालावा आणि भाकरीसाठीं हात पसरावा, अशी रीत होती. वांटा त्याच्या हक्काचा, पण तो मागावयाचा भिकेच्या सुरांत. १८७४ च्या वतन-कायद्यानें ही वंशपरंपरेची चाकरी सरकारी चौकटींत पक्की बसविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत त्या कायद्यास दुरुस्ती सुचविणारें बिल मांडलें. चाकरीचीं कामें नेमकीं ठरवावीं, बलुत्याचें रूपांतर रोख रकमेंत व्हावें, आणि ज्याला वतनी चाकरींतून सुटावयाचें असेल त्याला सुटतां यावें, असा त्याचा रोख होता. पुढच्याच वर्षीं तें बिल मागें घेण्यांत आलें. हीं कनिष्ठ वतनें कायद्यानें रद्द होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. गांवच्या प्रेमळ देवघेवीचे गोडवे गाणारांनीं मधलीं तीस वर्षें मोजून पाहावीं.

शहरांत इंग्रजी सभापद्धतीबरोबर 'आभारप्रदर्शन' आलें. अध्यक्षांचे, वक्त्यांचे, देणगीदारांचे, जागा देणाऱ्या मालकांचे आभार विधिपूर्वक मानले जाऊं लागले. सतरंज्या घालणाऱ्या गड्याचें नांव त्या यादींत क्वचितच येई. शब्द नवा आला, दिशा जुनीच राहिली. बलुत्याच्या जागीं शहरांत पगार होता. पण शिमग्याला आणि दिवाळीला टपालवाला, झाडूवाला, रखवालदार दारीं येऊन 'पोस्त' मागत. हें पोस्त पगारांत मोडत नसे आणि त्याला भीकहि म्हणतां येत नसे.

गिरण्यांत हाच प्रश्न मोठ्या आंकड्यांनीं उभा राहिला. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढारीपणाखालीं मुंबईच्या गिरणी-कामगारांनीं सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यांत त्यांनीं कोणाची शाबासकी मागितली नव्हती. आठवड्याला एक सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यांच्या मागण्या होत्या. रविवारची सुटी १८९० मध्यें मिळाली. पुढें पहिल्या महायुद्धाच्या काळांत गिरण्यांना अमाप नफा झाला, तेव्हां १९१७ पासून मालकांनीं पगारावर कांहीं जादा रक्कम देण्यास आरंभ केला, आणि युद्धानंतर वर्षाकांठीं सुमारें महिन्याच्या पगाराइतका बोनस देण्याचा पायंडा पडला. १९२३ च्या वर्षाचा बोनस मात्र मालकांनीं नाकारला. १९२४ च्या जानेवारींत गिरण्या बंद पडल्या. दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. सरकारनें मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमली. बोनस ही मालकाची खुशी कीं कामगाराचा हक्क, हा तिच्यापुढचा मुख्य वाद होता. कामगारांचा असा कोणताहि हक्क पोंचत नाहीं, असा समितीनें निर्णय दिला, आणि मार्चअखेर लोक बोनसावांचूनच कामावर परतले. लागोपाठ कांहीं वर्षें जें मिळालें, तें आभारादाखल दिलेलें ठरलें. आणि आभार थांबविले म्हणून कोणावर फिर्याद करतां येत नाहीं.

बोनसाचा कायदा पार्लमेंटनें १९६५ सालीं केला, तेव्हां ती रक्कम कृपेच्या खात्यांतून हक्काच्या खात्यांत गेली, आणि गिरणीतल्या माणसाला दिवाळीच्या पैशासाठीं सलाम करण्याचें कारण उरलें नाहीं. घरकाम करणारी बाई, इमारतीचा रखवालदार, कचरा नेणारा माणूस यांची दिवाळी मात्र अजून बहुधा उंबऱ्यावरच ठरते. ती किती द्यावी हें देणाराच्या मर्जीवर असतें. आणि ती हातीं पडल्यावर हात जोडतो, तो घेणाराच.