दोन वाक्यांमधला सांधा

इंग्रजी शिकतांना विद्यार्थ्याला सर्वांत जड जातें तें शब्दांचें ओझें नव्हे. दोन वाक्यें एकत्र सांधण्याची रीत त्याला अधिक अडविते. या अडचणीला एक इतिहास आहे.

परभणी जिल्ह्यांतील जिंतूर १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. १८८४ पासून तेथील कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच. घरीं मराठी, विद्येसाठीं उर्दू आणि तिच्यापलीकडे इंग्रजी, अशा तीन पायऱ्या तेथील मराठी मुलाला चढाव्या लागत.

आतां आपल्या भाषेची ठेवण पाहा. मराठीला जोड्यांची आवड आहे. जो–तो, जेव्हां–तेव्हां, जर–तर, जरी–तरी. पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक खांब असावा, तसें हें आहे. इंग्रजीला एकच खांब पुरतो. 'हू' आलें कीं पुढें 'ही' नको. 'ऑल्दो' आलें कीं पुढें 'बट' नको. मराठी मुलगा मात्र दोन्ही लिहितो आणि गुण गमावितो. उर्दूची पायरीही येथें उपयोगी पडत नसे. कारण जो–वह, अगर–तो, अगरचे–लेकिन अशा जोड्या तिलाही प्रिय आहेत. मुंबई इलाख्यांतील मुलाला निदान तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेंत मराठी वाक्यासमोर इंग्रजी वाक्य ठेवून भेद पाहतां येई.

शिवाय मराठी पुष्कळदां सांधणारा शब्द वापरीतच नाहीं. 'काल भेटलेला माणूस जेवून गेला' या वाक्यांत 'भेटलेला' आणि 'जेवून' हीं धातुसाधितेंच सांध्याचें काम करितात. इंग्रजींत तेथें 'हू' आणि 'अँड' यांना बोलवावें लागतें.

तथापि भाषा एकमेकींकडून सांधे उसने घेतातच. आपलें 'व' अरबींतून फारशीच्या वाटेनें आलें. 'कीं' फारशींतून आलें. १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांनीं मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां इंग्रजी व्याकरणाची धाटणी त्यांच्यापुढें होती. उभयान्वयी अव्यय हें नांव आणि केवल, संयुक्त, मिश्र हे वाक्यभेद पुढें शाळाशाळांतून रुळले, ते याच परंपरेंतून. १९११ सालीं मोरो केशव दामल्यांनीं 'शास्त्रीय मराठी व्याकरणां'त मराठीचा विचार पुन्हां सविस्तर मांडला.

१९५६ सालीं जिंतूर मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आलें. मधली पायरी गेली, पण दोन खांबांची संवय राहिली. ती मातृभाषेचीच आहे. म्हणून मुलानें 'ऑल्दो'नंतर 'बट' लिहिलें, तर शिक्षकानें त्याला मंद म्हणूं नये. जरी–तरीची जोडी फळ्यावर लिहावी आणि इंग्रजी त्यांतला एकच शब्द कां ठेविते, तें दाखवावें. चूक कोठून आली हें मुलाला कळलें, कीं ती सुधारण्याची निम्मी वाट सरली.